रेल्वे डब्याची खिडकी खडखडू नये आणि अडकूही नये, तर फट नेमकी किती ठेवायची?

उद्यमबागकर

मंडळी, नमस्कार. आमची शेड बेळगावात उद्यमबागेत आहे. पत्रा वाकवणं, वेल्डिंग, ॲल्युमिनियमचं फॅब्रिकेशन अशी कामं करतो. दोन महिन्यांपूर्वी रेल्वेच्या साध्या, म्हणजे एसी नसलेल्या डब्याच्या खिडकीचा नमुना करून द्यायचं काम आलं. स्टीलची चौकट, तिच्यात वर-खाली सरकणारी दोन ॲल्युमिनियमची शटरं: एक काचेचं, एक झिलमिलीचं, म्हणजे तिरप्या पात्यांचं. शटरची रुंदी साधारण ६०० मिमी.

पहिल्या नमुन्यात दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी फट ठेवली. शेडमध्ये लोण्यासारखं सरकायचं. मग टेम्पोच्या हौद्यात चौकट बोल्टनं आवळली आणि खानापूर रस्त्याला लागलो. पिरनवाडी यायच्या आत कान किटले. दुसऱ्या नमुन्यात फट पाव-पाव मिमीवर आणली. आवाज एकदम गेला, मी खूश. पण एप्रिलच्या दुपारी तोच नमुना शेडबाहेर उन्हात राहिला, तर शटर मधेच रुतलं. दोन पोरांनी ओढून काढलं.

चाक, बोगी, ब्रेक यातलं काही प्रवाशाला दिसत नाही. खिडकीला मात्र तो डोकं टेकून झोपतो, लहान पोर तिच्यावर हात ठेवून उभं राहतं. त्यामुळे हे काम मला मनापासून चांगलं करायचं आहे. दीड मिमीला वाजते, पाव मिमीला अडकते. मधला कुठला आकडा बरोबर? ज्यांनी या कामात हात घातलाय त्यांनी सांगावं.

घटप्रभा_पॅसेंजर

मी इंजिनिअर नाही, पण घटप्रभा ते बेळगाव अठरा वर्षं ये-जा केली आहे. खिडकीपाशी जागा मिळाली की पहिलं काम ठरलेलं. कालचं वर्तमानपत्र, चार घड्या, शटर आणि चौकट यांच्या फटीत खुपसायचं. त्या क्षणी गप्प. आमच्या नेहमीच्या मंडळींच्या पिशवीत त्यासाठी कागद असतोच. एक काका काडेपेटीचं टरफल चपटं करून लावायचे. एक मावशी करवंटीचा तुकडा आणायच्या, तो मात्र पाच्छापूर येईपर्यंत निसटून सीटखाली जायचा.

कागद टिकतो आणि करवंटी निसटते, असं का? हे कुणी सांगितलं तर तुमचं उत्तर त्यातच सापडेल असं मला वाटतं.

शहापूरची_आक्का

कागदाला माझाही दुजोरा. आमच्यात हे काम नेहमी मामांकडे असायचं. गाडी हलायच्या आत कागद बसलेला असायचा.

निवृत्त_फिटर

बाळ उद्यमबागकर, हुबळीच्या वर्कशॉपात माझी ३१ वर्षं डब्यांच्या कामात गेली. तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. पण तू आकडा विचारतोयस, आणि माझ्या मते नुसत्या आकड्यानं हे सुटणार नाही.

खिडकी दोन कामं करते. ती सरकते, आणि ती एका जागी बसते. सरकताना सैल पाहिजे, बसल्यावर पकडलेली पाहिजे. तू ही दोन्ही कामं एकाच फटीकडून करून घ्यायला बघतोयस. फट मोठी ठेवलीस तर सरकणं चांगलं, बसणं वाईट. लहान ठेवलीस तर उलट. मधला आकडा घेतलास तर दोन्ही कामं अर्धवट होतील. फट दीड मिमीच राहू दे. पकड मात्र वेगळी दे, आणि ती फक्त बंद होतानाच्या शेवटच्या बोटभर अंतरात येऊ दे. घटप्रभेच्या दादांचा कागद हेच करतो. शटर बसल्यावर तो फटीत जातो, आधी नाही.

दुसरी गोष्ट. उन्हाला दोष देण्याआधी मोजमाप कर. चौकटीची आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घे. वेल्डिंग थंड होताना उभी पट्टी मध्ये आत ओढली जाते, डोळ्यांना कळत नाही. आणि दोन्ही कर्ण मोज. रुंदी चुकली तर शटर अडकतं, कर्ण चुकला तर ते एका कोपऱ्यावर बसतं आणि दुसरा कोपरा टाळ्या वाजवत राहतो.

उद्यमबागकर

काका, मोजून आलो. रुंदी मध्ये ०.४ मिमी कमी भरली! कर्णांत २ मिमीचा फरक. शटर खाली टेकवलं तर डावा कोपरा बसतो आणि उजव्या कोपऱ्याखालून उजेड दिसतो. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातला; सव्वा मिमी.

मग उन्हाचा हिशोबही केला. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे ०.०२३ मिमी वाढतं, स्टील ०.०१२. सकाळच्या गारव्यापासून तापलेल्या पत्र्यापर्यंत ४५ अंशांचा फरक धरला तर ६०० मिमीचं शटर ०.६२ मिमी वाढतं आणि चौकट ०.३२. म्हणजे उन्हानं खाल्ली ०.३ मिमी, वेल्डिंगनं ०.४. माझी दोन्ही बाजूंची मिळून फट होती ०.५. अडकणारच की.

खानापूरचा_सुतार

फिटर काका बरोबर बोलालेत. आमच्या आज्यानं जुन्या लाकडी डब्यांच्या दुरुस्तीचं काम केलेलं, तेच्याकडनं ऐकलेलं सांगतो.

तवाच्या चांगल्या डब्यांत खिडकी सागवानाची. सागवानच का? तर ते पावसात लई फुगत नाही आणि उन्हात लई आटत नाही. तरीबी फुगतं. म्हणून फळी कशी चिरली ते बघायचे. ओंडक्याच्या मध्यातनं बाहेर, वर्तुळांना काटकोनात चिरलेली फळी निम्म्यानं कमी हलते. आडवी चिरलेली खिडकीच्या चौकटीला घेत नव्हते. आणि खोबणीत अर्धा सूत, म्हणजे दीडेक मिमी, जागा सोडायची. पावसाळ्यात आमच्या खानापूर भागात ती जागा लाकूड आपसूक भरून काढायचं.

काही डब्यांत शटरला खाली चामड्याचा पट्टा असायचा, भोकं पाडलेला. पट्टा ओढला की शटर वर यायचं, पाहिजे त्या भोकात खुंटी अडकवायची. पट्ट्याचा ताण शटरला एका अंगाला ओढून धरायचा, म्हणून ते वाजायचं नाही. पट्टा सैल झाला की वाजलंच. आज्या म्हणायचा, लाकूड लाकडावर आपटलं तर थप्प होतं, लोखंड लोखंडावर आपटलं तर ठण्ण. लाकूड आवाज पोटात घेतं.

माझं म्हणणं, खोबणीत नमदा लाव. जाड लोकरी नमदा, दोन्ही बाजूंना. त्याच्याइतकं गप्प दुसरं काय नसतंय.

सरकतं_गणित

खानापूरच्या दादांचा चामड्याचा पट्टा आणि घटप्रभेच्या दादांचा कागद, दोन्हींत एकच तत्त्व आहे. मी यांत्रिकी शिकवतो, तर थोडं गणित मांडतो.

दोन भाग एकमेकांपासून सुटतात आणि पुन्हा आपटतात, तेव्हा खडखडाट होतो. सुटलेच नाहीत तर आवाज नाही. म्हणून शटर चौकटीवर किती जोरानं दाबून धरायचं, हा खरा आकडा. शटरचं वजन ५ किलो धरा. डब्याच्या भिंतीला हादरा बसतो तेव्हा गुरुत्वाच्या निम्म्याइतका झटका येतो असं समजू. मग शटरला सोडवू पाहणारा जोर अडीच किलोचा झाला. दुप्पट सुरक्षितता घेऊन ५ किलो दाब द्या, चार कोपऱ्यांत वाटून प्रत्येकी सव्वा किलो. एवढ्या दाबावर शटर जागचं हलत नाही, आणि आजीबाईलाही ते उघडता येतं.

आता कागद आणि करवंटी. समजा, सव्वा किलो दाब मिळवायला करवंटीसारखी कडक वस्तू पाव मिमीच दबते. हादऱ्यांनी पाव मिमी झिजली किंवा सरकली की दाब शून्य, आणि ती निसटते. घडी घातलेला कागद ३ मिमी दबून तेवढाच दाब देतो. पाव मिमी कमी झालं तरी नव्वद टक्क्यांच्या वर दाब शिल्लक राहतो. म्हणून स्प्रिंग मऊ घ्या आणि भरपूर दाबा. कडक स्प्रिंग थोडी दाबणं, ही या कामातली नेहमीची चूक. शेडमध्ये दोन्ही सारख्याच गप्प असतात. फरक सहा महिन्यांनी कळतो.

घटप्रभा_पॅसेंजर

सर, अठरा वर्षांनी उत्तर मिळालं. मावशींना सांगतो.

निपाणकर

आमच्या निपाणीला रेल्वेच नाही, तरी मधे बोलतो, राग मानू नका. बसच्या सरकत्या काचांचं काय? माझा अनुभव असा की बस स्टँडवर उभी असताना काचा जास्त खडखडतात, आणि हायवेला लागली, वेग घेतला की शांत होतात. उलटं व्हायला नको का?

सरकतं_गणित

नाही, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर उभं असेल तर सेकंदाला ३० ठोके देतं. काच आणि तिची रबरी पट्टी यांची स्वतःची डुलण्याची गती त्याच्या आसपास असली की दोघांची लय जुळते आणि काच नाचायला लागते. इंजिनानं वेग घेतला की ठोके त्या गतीच्या पुढे निघून जातात. रेल्वेच्या डब्यात खिडकीशेजारी इंजिन नसतं, तिथे हादरा रुळांकडून येतो. जुने १३ मीटरचे जोड असलेले रूळ घ्या. ताशी ६० किमीला एक चाक सेकंदाला साधारण सव्वा जोड ओलांडतं. प्रत्येक जोड म्हणजे खिडकीला एक टपली.

लोंढा_जंक्शन

हा मुद्दा मला फार पटला. पूर्वी मिरज-लोंढा मीटरगेज होतं तेव्हा रुळांच्या जोडांचाच ताल इतका मोठा होता की खिडकीचा आवाज त्यात बुडून जायचा. आता लांब वेल्ड केलेले रूळ आले, चाकाखालचा ताल गेला, आणि उरलेला खडखडाट एकट्या खिडकीचा आहे हे कानाला कळायला लागलं. खिडकी आधीपासूनच वाजत होती.

मिरजेला तेव्हा तीन गेज एकत्र यायचे. पुण्याकडची ब्रॉडगेज, आमची मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीची नॅरोगेज. लहानपणी वडिलांचा हात धरून एका फलाटावरून दुसऱ्यावर जाताना मी तिन्ही डब्यांच्या खिडक्या बघायचो. नॅरोगेजची खिडकी अगदी माझ्या उंचीची वाटायची.

चिकोडी_रोड

मिरज म्हटलं की मला सतार आठवते आणि बेळगाव स्टेशन म्हटलं की कुंदा. विषयांतराबद्दल माफी, पण येताना पाव किलो कुणी आणत असेल तर सांगा.

शहापूरची_आक्का

कुंदा घरी येऊन खा, स्टेशनवर नको. आता खिडकीवर या.

उद्यमबागकर, तुम्ही आवाजाचं बोलताय, मी बोटांचं बोलते. माझी भाची पाच वर्षांची असताना शेडबाळच्या पुढे गाडीला गचका बसला आणि वरचं शटर सुटून तिच्या हातावर आलं. खिट्टी झिजलेली होती. दोन नखं गेली, हाड वाचलं. ती आता कॉलेजात जाते, पण अजूनही खिडकीच्या कठड्यावर हात ठेवत नाही. आवाज थांबेल तेव्हा थांबू दे. आधी शटर कुठल्याही उंचीवर सोडलं तर तिथेच राहिलं पाहिजे. हे होत नसेल तर ती खिडकी कितीही शांत असली तरी मला नको.

उद्यमबागकर

आक्का, हे वाचून रात्रभर डोक्यात राहिलं. माझ्या नमुन्यात खिट्टी सुटली तर शटर धाडकन खाली येतं, हे मी आज करून बघितलं. खाली लाकडी पेन्सिल ठेवली होती, तिचे दोन तुकडे झाले.

निवृत्त_फिटर

आक्का बोलल्या ते सगळ्यांत आधी. बाळ, बाजूच्या खोबणीत पातळ पट्टी-स्प्रिंग बसव, तिच्या तोंडाला नायलॉनची चकती. ती शटरला एका अंगाला रेटून धरेल. तिचं घर्षण शटरच्या वजनापेक्षा थोडं जास्त ठेवलंस तर शटर सोडलं तिथेच थांबेल. बाजूचा खडखडाटही त्यातच जाईल. खिट्टी तरीही ठेवायचीच. एकावर भरवसा टाकायचा नाही.

आणि खानापूरच्या सुतारदादांना नम्रपणे सांगतो, नमद्याशी मी सहमत नाही. लाकडी डब्यात चालत असेल. स्टीलच्या डब्यात नमदा पाणी पितो आणि धरून ठेवतो. आयसीएफ घाटणीचा डबा, म्हणजे १९५५ साली पेरांबूरला कारखाना सुरू झाला तिथला, वर्कशॉपात आला की आम्ही आधी खिडकीखालचा पत्रा हातोडीनं ठोकून बघायचो. वरून रंग चकचकीत असतो आणि ठोकल्यावर हातोडी आत जाते. खिडकीच्या कठड्यात साचलेलं पाणी तिथे झिरपतं. त्यात ओला नमदा, स्टील आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडायला लागतं. मेल-एक्स्प्रेसचा तसला डबा १८ महिन्यांनी मोठ्या दुरुस्तीला यायचा. तेवढ्या काळात दोन पावसाळे सहज बसतात.

खानापूरचा_सुतार

काका, दोन पावसाळ्यांचं मान्य. खालच्या खोबणीत नमदा नको, हे पटलं. पण वरच्या अर्ध्या भागात, जिथं पाणी उभं राहत नाही, तिथं काय हरकत?

निवृत्त_फिटर

तिथे नायलॉनच्या केसांची ब्रशपट्टी लावा. काम नमद्याचंच करते, पाणी पीत नाही.

मच्छेचा_रबरवाला

मी रबराच्या पट्ट्या करतो, त्यामुळे खालच्या बैठकीबद्दल लिहितो. लांबलंय, पण हे सगळं हातानं केलेलं आहे.

रबर ईपीडीएमच घ्या, ते एक कृत्रिम रबर. नैसर्गिक रबर स्वस्त आणि उसळतं छान, पण ऊन आणि हवेतला ओझोन त्याला आडव्या चिरा पाडतो, ताणलेल्या जागी तर फार लवकर. ईपीडीएम त्या बाबतीत खूप टिकाऊ. फक्त खनिज तेल त्याला चालत नाही, ते फुगतं. बसवताना पोरं हाताशी असलेलं ग्रीस फासतात. साबणाचं पाणी वापरायला लावा.

भरीव पट्टी नको, पोकळ नळीसारखी घ्या. सरांनी सांगितलेली मऊ स्प्रिंग म्हणजे हीच. बंद केल्यावर नळी पाव ते जास्तीत जास्त तीसेक टक्के दबली पाहिजे. त्यापेक्षा कमी दबली तर पकड नाही. जास्त दबली तर ती कायमची चपटी होते. घेताना पुरवठादाराला विचारायचं की दाबून ठेवल्यावर किती चपटी राहते. साधी चाचणी आहे: तुकडा २५ टक्के दाबायचा, ७० अंशांच्या भट्टीत २२ तास ठेवायचा, काढून अर्ध्या तासानं जाडी मोजायची. दाबलेल्यापैकी निम्मंही परत आलं नाही तर तो माल खिडकीला घेऊ नका.

आता सगळ्यांत जास्त होणारी चूक. पट्टी बसवताना ताणू नका. ताणून बसवली की बसवायला सोपी जाते, नीट दिसते, आणि महिन्याभरात आखडून कोपऱ्यांत फट पाडते. उलट मापापेक्षा टक्काभर लांब कापा, दोन्ही टोकं आधी टेकवा, मग मधली फुगलेली पट्टी अंगठ्यानं आत दाबत जा. आणि सांधा वरच्या बाजूला, मधोमध. खाली कधीच नाही, खाली पाणी उभं असतं.

लोंढा_जंक्शन

पाण्याचंच बोलायचं तर आमच्याकडे जुलैत या. लोंढ्याहून कॅसलरॉककडे निघालं की पाऊस आडवा येतो. खाली रबर इतकं घट्ट बसवाल की पाणी आत येणार नाही, ठीक. पण आत आलेलं पाणी बाहेर कसं जाणार? एकदा एका गाडीत कठड्यात इतकं पाणी साचलं होतं की वळणावर ते ओंजळभर माझ्या मांडीवर आलं.

निवृत्त_फिटर

खोबणीच्या तळाला बाहेरच्या बाजूनं उतार आणि तळात भोकं. निदान ८ मिमीची किंवा लांबट चिरेसारखी. लहान भोक रंगाच्या पहिल्याच हातात बुजतं. रबराची बैठक भोकांच्या आतल्या अंगाला हवी. म्हणजे पाऊस रबरापर्यंत येईल, तिथून खाली उतरेल आणि बाहेर जाईल. रबर भोकांच्या बाहेरच्या अंगाला बसवलं तर तू स्वतःच हौद बांधलास.

सुळगेकर

मला एक कळत नाही. आता नवे डबे सगळे एलएचबी, म्हणजे जर्मन घाटणीचे, ते सीलबंद काचेचे. बेळगाववरून पुणे-हुबळी वंदे भारत २०२४ पासून धावते, तिच्यात खिडकी उघडतच नाही, वाजायचा प्रश्नच नाही. मग उघडणाऱ्या खिडकीवर इतका विचार कशाला?

घटप्रभा_पॅसेंजर

कारण आमची गाडी ती नाही. वंदे भारत छान आहे, मुलाला मुद्दाम बसवून आणलं. पण रोज कामाला जाणारा माणूस, भाजीचं गाठोडं घेतलेली बाई, कॉलेजची पोरं अजून जनरल डब्यातच असतात, आणि तिथे खिडकी उघडावी लागते. मे महिन्यात रायबागच्या पुढे ती उघडली नाही तर जीव जातो. एलएचबीचे जनरल डबेही उघडणाऱ्या खिडक्यांचेच आहेत.

लोंढा_जंक्शन

आणि सीलबंद म्हणजे प्रश्न संपला असंही नाही. दोन काचांच्या मध्ये धुकं धरलेली खिडकी पाहिली असेल. बाहेरचं बोटानं पुसलं जातं, आतलं रुमालानं जातं, मधलं कशानंच जात नाही. ते का होतं, रबरवाले सांगतील काय?

मच्छेचा_रबरवाला

दोन काचांच्या मध्ये कडेनं एक पोकळ पट्टी असते, तिच्यात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. कडेचं सील कुठेतरी सुटलं की बाहेरची दमट हवा हळूहळू आत येते. दाणे शोषून शोषून भरले की पुढची ओल काचेवर बसते. मग आख्खी काच बदलावी लागते. तिथेही दोष बहुतेक कोपऱ्यातच निघतो. काच उघडो न उघडो, कोपरा नीट झाला पाहिजे.

उद्यमबागकर

(सहा आठवड्यांनी)

सगळ्यांना नमस्कार. मधे गप्प होतो कारण शेडमध्येच होतो. काय काय केलं ते लिहितो.

चौकट नव्यानं केली. वेल्डिंग आलटून पालटून समोरासमोरच्या कोपऱ्यांत घेतलं, पूर्ण थंड होईपर्यंत चौकट जिगमधून, म्हणजे पकडून ठेवणाऱ्या साच्यातून, काढली नाही. तिन्ही ठिकाणची रुंदी आता ०.१ मिमीच्या आत, कर्णांत अर्ध्या मिमीपेक्षा कमी फरक. बाजूची फट दीड मिमीच ठेवली. दोन्ही खोबणींत पट्टी-स्प्रिंग आणि नायलॉनच्या चकत्या. शटर कुठेही सोडलं तरी थांबतं. आक्का, खिट्टी काढून पन्नास वेळा सोडून बघितलं, मग टेम्पोतही बघितलं. घसरलं नाही. खिट्टी आहेच.

खाली पोकळ ईपीडीएम, सांधा वर. शटरच्या खालच्या दोन्ही टोकांना उताराचे नायलॉनचे ठोकळे, म्हणजे पाचरच. शेवटच्या २० मिमीत ते शटरला आतल्या अंगाला रेटतात आणि रबर दाबतात. सगळीकडे सारखं दाबलं जातंय का हे बघायला घटप्रभेच्या दादांचाच कागद वापरला. वर्तमानपत्राची बोटभर पट्टी रबरावर ठेवायची, शटर बंद करायचं, पट्टी ओढायची. फाटली तर दाब जास्त, सुळकन आली तर दाब नाही, कुरकुरत आली तर बरोबर. पूर्ण कडेनं बोट-बोट अंतरावर बघितलं. डाव्या कोपऱ्यात दोन ठिकाणी सुळकन येत होती. ठोकळा कानशीनं नीट केला.

मग पुन्हा टेम्पो, पुन्हा खानापूर रस्ता. आणि पिरनवाडीपाशी टक-टक-टक! माझा चेहरा उतरला. भावाला गाडी चालवायला दिली, मी हौद्यात चौकटीजवळ बसलो आणि एकेक भाग बोटानं दाबत गेलो. शटर दाबलं, आवाज तसाच. काच दाबली, तसाच. खिट्टीवर बोट ठेवलं, थांबला. शटर हलतच नव्हतं. खिट्टीची पिन तिच्या भोकात नाचत होती. पिन ८ मिमीची, भोक ९ चं. भोकात नायलॉनची बुश, म्हणजे बारीक नळी, बसवली. परत येताना फक्त टेम्पोचं इंजिन ऐकू येत होतं.

निवृत्त_फिटर

शाब्बास. बोटानं दाबत जाणं ही आमच्या उस्तादांची रीत, तुला आपणहून सापडली. आता त्या खिडकीवर रोज दहा बादल्या पाणी मार, महिनाभर, मग बुश आणि स्प्रिंग काढून बघ. आणि झिलमिलीचं शटर बघितलंस का? त्याच्या पात्या प्रत्येक टोकाला वेगळ्या वाजतात.

उद्यमबागकर

काका, तेच आता समोर आहे. काचेचं गप्प झाल्यावर झिलमिलीची गुणगुण ऐकू यायला लागली. बाहेरून वारा घातला की पाती थरथरते. चौदा पात्यांपैकी वरच्या पाच. रिव्हेट घट्ट आहेत.

सरकतं_गणित

पाती मध्ये थोडी वाकवून बघा, लांबीच्या दिशेनं एक नाळ. सपाट पत्र्यापेक्षा नाळ असलेली पाती कितीतरी कडक होते, जाडी न वाढवता.

खानापूरचा_सुतार

आणि वरच्या पाचच का वाजतात ते बघ आधी. आमच्याकडं जुन्या लाकडी झिलमिलीचा एक तुकडा आहे, आज्यानं ठेवलेला. पात्या खोबणीत तिरप्या बसवल्यात आणि प्रत्येकीच्या पाठीला बारीक पाचर मारलीय, वरनं दिसतबी नाही. रविवारी ये खानापूरला. येताना तुझी एक पाती घेऊन ये, दोन्ही शेजारी ठेवून बघू.

उद्यमबागकर

येतो दादा. सकाळच्या गाडीनं येतो, खिडकीपाशी बसून.

शहापूरची_आक्का

जाताना घरावरून जा. कुंदा देते, खानापूरला घेऊन जा.